गाभण मेंढीला पेंडीऐवजी पाल्याची पूड: कोणत्या झाडाची, किती आणि कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. माण तालुक्यात दख्खनी मेंढ्यांचा कळप आहे. डिसेंबरात पंचवीसेक मेंढ्यांना मेंढा दाखवणार, म्हणजे त्या मेमध्ये विणार. सरकी पेंड आणि शेंगदाणा पेंड दोन्ही परवडेनाशा झाल्या आहेत. बांधाला सुबाभूळ, शेवरी आणि शेवगा भरपूर आहे. हा पाला वाळवून, कुटून पेंडीऐवजी गाभण मेंढ्यांना दिला तर चालेल का, किती द्यायचा, आणि सुबाभळीने मेंढ्या गाभडतात असं गावात म्हणतात त्यात तथ्य किती?

चालेल. नीट वाळवलेल्या शेवग्याच्या किंवा सुबाभळीच्या पाल्यात शेकडा २२ ते २५ भाग प्रथिनं असतात. बाजारातल्या सालीसकट सरकी पेंडीतही जवळपास तेवढीच असतात. म्हणजे प्रथिनाच्या हिशोबाने किलोला किलो, सरळ व्यवहार. शेंगदाणा पेंडीत ४० ते ४५ टक्के प्रथिनं असल्यामुळे तिथे १०० ग्रॅम पेंडीच्या जागी १७० ते १८० ग्रॅम पाला धरावा लागतो. गाभणपणात पेंड पूर्ण बंद करून पाल्यावर मेंढी नेता येते, पण एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या: पाला पेंडीची जागा घेईल, दाण्याची घेणार नाही. पाल्याची पूड सुरू केली की मक्याचा किंवा बाजरीचा भरडाही बंद करून टाकायचा, असं पुष्कळ ठिकाणी होतं. मग विण्याच्या आधीच्या पंधरवड्यात मेंढी बसते आणि दोष पाल्याला लागतो. खरं कारण दाणा तोडला हे असतं.

हे का होतं ते समजून घेतलंत तर बाकीचं गणित तुमचं तुम्ही मांडाल.

मेंढी साधारण १४७ ते १५० दिवस गाभण असते. पहिल्या साडेतीन महिन्यांत पोटातलं कोकरू फार वाढत नाही. जन्माच्या वेळी त्याचं जे वजन असतं, त्यातलं सुमारे ७० टक्के शेवटच्या सहा आठवड्यांत भरतं. कासही याच काळात उतरते आणि चीक तयार होतो. म्हणजे गरज एकदम वाढते. आणि नेमकं त्याच वेळी गर्भाशय पसरून कोठीपोटाला, म्हणजे चारा आधी जिथे साठतो त्या मोठ्या पोटाला, दाबायला लागतं, त्यामुळे मेंढी आधीइतका कडबा खाऊच शकत नाही. गरज वर आणि जागा कमी. म्हणून या दीड महिन्यात थोडक्यात जास्त पोषण देणारा खुराक लागतो.

तुमच्या मेंढ्यांच्या बाबतीत हा दीड महिना एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत येतो. माणदेशात त्या वेळी रानात काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वाळलेल्या गवतात आणि ज्वारीच्या कडब्यात तीन-साडेतीन टक्क्यांवर प्रथिनं नसतात. ३० किलोच्या मेंढीला शेवटच्या महिन्यात रोज १०० ते ११० ग्रॅम प्रथिन लागतं. नुसत्या कडब्यावर तिला त्याचा तिसरा हिस्साही मिळत नाही. मग ती स्वतःच्या अंगावरचं मांस झिजवून कोकरू वाढवते. व्याल्यावर चीक पातळ आणि थोडा, कोकरू दोन किलोच्या आतबाहेर, उठायला उशीर, आणि पहिल्या चार-पाच दिवसांतच ते जातं. हे नुकसान पेंडीच्या बिलात दिसत नाही, म्हणून त्याचा हिशोब कोणी करत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातली बरीच कोकरं नुसत्या खुराकाने वाचणारी असतात.

आता दाण्याचं. पाल्यातलं प्रथिन कोठीपोटात गेलं की तिथले जिवाणू त्यातलं बरंचसं फोडून अमोनिया करतात आणि त्या अमोनियातून स्वतःचं शरीर बांधतात. पुढे आतड्यात हेच जिवाणू पचतात आणि मेंढीला खरं प्रथिन मिळतं. पण शरीर बांधायला जिवाणूंना ऊर्जा लागते, आणि ती दाण्यातल्या पिठूळ भागातून लवकर मिळते. दाणा नसेल तर अमोनिया तसाच रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. तुम्ही कष्टाने वाळवलेला पाला असा वाहून जातो, वर यकृताला जास्तीचं काम. आणि दाण्याची उणीव जुळी पोटात असलेल्या मेंढीला फार महागात पडते. तिच्या रक्तातली साखर उतरते, चरबी वितळून यकृतात साठते आणि तिच्यापासून बनणारी किटोन नावाची द्रव्यं रक्तात वाढतात. मेंढी कळपाच्या मागे राहते, डोळ्यांपुढे नीट दिसत नसल्यासारखी काट्याकुट्यांना धडकते, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो, मग खाली बसते ती उठत नाही. ही लक्षणं दिसली की गुळाचं पाणी पाजून त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, उद्यावर टाकू नका. शुद्ध दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं, तरी तुमच्या कळपात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या नारी सुवर्णा जातीचं रक्त असेल तर जुळी येण्याची शक्यता बरीच, कारण त्या जातीत बंगालच्या गारोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक मुद्दाम आणलेलं आहे. तशा मेंढ्यांना दाणा हात राखून घालून चालत नाही.

आता सुबाभळीकडे येऊ, कारण तुमची खरी भीती ती आहे.

गावात जे म्हणतात त्याला आधार आहे, पण ते जसं सांगतात तसं ते नाही. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. कोवळ्या शेंड्यांत ते सगळ्यात जास्त. ज्या मेंढीने पूर्वी कधी सुबाभूळ खाल्लेली नाही, तिला एकदम पोटभर सुबाभूळच दिली तर आठ-दहा दिवसांत लोकर मुळापासून सुटते. नुसती चिमटीत धरली तरी झुपका हातात येतो. कातरणी न वापरता लोकर उतरवण्यासाठी मिमोसिन वापरता येईल का, याचे प्रयोगही झालेले आहेत, इतका हा परिणाम ठाम आहे. पुढे कोठीपोटात मिमोसिनचं डीएचपी नावाचं दुसरं द्रव्य बनतं आणि ते थायरॉईड ग्रंथीचं काम अडवतं. गाभण मेंढीला हे जास्त दिवस चाललं तर कोकरं कमी वजनाची, अशक्त, कधी गळ्याला गाठ घेऊन जन्मतात. आयोडीनचं मीठ दिलं म्हणजे हा दोष निघून जातो असं नाही, कारण ग्रंथीत आयोडीन पोहोचूनही ते वापरलं जात नाही. आता अशक्त कोकरं आणि मेलेली कोकरं जन्माला आली की लोक त्याला गाभडणं म्हणणारच.

पण मग सुबाभळीवरच वर्षानुवर्षं वाढलेल्या शेळ्या आपल्याला सगळीकडे दिसतात, त्यांना काही होत नाही, ते कसं? ऑस्ट्रेलियात सुबाभळीने गुरं आजारी पडायची आणि हवाईतल्या शेळ्या तीच सुबाभूळ खाऊन ठणठणीत असायच्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने त्याचा माग काढला तेव्हा कळलं की त्या शेळ्यांच्या कोठीपोटात डीएचपी फोडणारा एक जिवाणू आहे. १९८०च्या दशकात तो ऑस्ट्रेलियातल्या गुरांत सोडला गेला आणि त्यांचा त्रास कमी झाला. पुढे त्या जिवाणूला जोन्स यांच्याच नावावरून नाव मिळालं. हे तुम्हाला सांगायचं कारण असं की हे जिवाणू एकत्र राहणाऱ्या जनावरांत एकाकडून दुसऱ्याकडे जातात. तुमच्या वाड्यावर सुबाभूळ खाणाऱ्या शेळ्या असतील तर नव्या मेंढ्या त्यांच्यात मिसळू द्या, एकाच गव्हाणीवर खाऊ द्या, एकाच टाकीवर पाणी पिऊ द्या. आणि सवय लावायची ती मेंढा दाखवण्याच्या आधीपासून, थोडी-थोडी. पोट वाढल्यावर पहिल्यांदा सुबाभूळ दाखवायची नाही.

वाळवल्याने मिमोसिन काहीसं कमी होतं, पूर्ण जात नाही. ते पाण्यात विरघळणारं आहे, त्यामुळे पाला रात्रभर भिजवून पाणी ओतून दिलं तर बरंचसं निघून जातं. पण पंचवीस मेंढ्यांसाठी रोज हे कोण करणार? त्यापेक्षा प्रमाण हातात ठेवा. मोठ्या जनावराला चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत सुबाभूळ चालते असं सर्रास सांगतात. गाभण मेंढीला मी तितकं जाऊ देत नाही. दिवसभराच्या एकूण सुक्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, म्हणजे ३० किलोच्या मेंढीला रोज १०० ग्रॅम सुबाभळीची पूड. बाकीची कसर दुसऱ्या पाल्याने भरून काढायची. सवय नसलेल्या कळपात तर हीच मर्यादा कडक पाळा.

म्हणून माझा आग्रह एका झाडावर न राहता दोन-तीन झाडांचा पाला मिसळण्याचा असतो. प्रत्येक झाडाच्या पाल्यात काही ना काही खोट असते. मिसळलं की एकाच खोटीचा मारा होत नाही.

शेवगा यात सगळ्यात बिनघोर. चवीला मेंढीला लवकर आवडतो, प्रथिन चांगलं, चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर. फॉस्फरस मात्र कमी, तो गव्हाच्या कोंड्याने भरून निघतो. शेवग्याने गाभ पडतो हा समज त्याच्या साली आणि मुळांवरून आलेला आहे. ती द्यायची नाहीत, पाला खुशाल द्या. शेंगांसाठी शेवगा लावलेले शेतकरी छाटणी करतात, तेव्हा पाला फुकट मिळतो. फक्त फवारणी कधी झाली होती ते विचारून घ्या. शेवरी आणि हादगा ही तर आपल्याकडची जुनीच जनावरांची झाडं. मिरजेकडच्या पानमळ्यांत ती वेलीला आधार म्हणून असतात आणि तिकडचे लोक पाला शेळ्यांना घालतात. शेवरीचा पाला पातळ असल्यामुळे एका दिवसात वाळतो, पण तितक्याच लवकर गळून मातीत जातो, म्हणून फांद्या ताडपत्रीवरच ठेवा. तुमच्याकडे विहिरीला पाणी असेल तर दशरथ घासाचे दोन वाफे लावून ठेवा, तोही असाच वाळवता येतो. रेशमाच्या शेडजवळ राहत असाल तर अळ्यांनी सोडलेला तुतीचा ताजा पाला फार उत्तम, मात्र त्यात चुन्याची किंवा निर्जंतुकीकरणाची पावडर मिसळलेली नसावी.

गिरिपुष्पाबद्दल, म्हणजे ग्लिरिसिडियाबद्दल, सावध राहून बोलतो. प्रथिन चांगलं आहे, पण ताज्या पाल्याच्या वासामुळे मेंढी आधी तोंड लावत नाही. रात्रभर सुकवला की खायला लागते. यातलं कौमारिन नावाचं द्रव्य बुरशी लागल्यावर रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यात बदलतं. अशा पाल्यावर असलेली मेंढी विताना रक्तस्राव थांबत नाही. म्हणून गिरिपुष्पाचा पाला पूर्ण खणखणीत वाळलेला असेल तरच, आणि थोडा.

वड, पिंपळ, उंबर, अंजन यांच्या पाल्याने पोट भरतं. दुष्काळात त्यांनी कळप तारले आहेत. पण प्रथिन आठ-दहा टक्क्यांच्या घरात, म्हणजे ते चांगल्या चाऱ्याच्या जागी धरा, पेंडीच्या जागी नाही. बाभळीच्या आणि बोरीच्या पाल्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. थोडं टॅनिन उपकारकच आहे, कारण प्रथिन कोठीपोटात सगळं न फुटता थोडं पुढे आतड्यापर्यंत पोहोचतं, आणि जंतांनाही काही प्रमाणात आळा बसतो. जास्त झालं की मात्र तेच टॅनिन प्रथिन बांधून ठेवतं आणि ते लेंडीतून बाहेर जातं. लेंड्या बारीक, कडक, काळ्या दिसायला लागल्या की बाभूळ-बोर कमी करा. कडुनिंब गाभण मेंढीला मी देऊ देत नाही. घाणेरी, कण्हेर, एरंड, रुई यांचं एक डहाळं चुकून ढिगात गेलं तरी घात होतो, त्यामुळे पाला तोडायला मजूर लावला असेल तर वाळत घालताना ढीग स्वतः बघा.

आणखी एक. वाड्यावर घोडी असेल तर सुबाभूळ आणि गिरिपुष्प तिच्या वाट्याला अजिबात जाऊ देऊ नका. सुबाभळीने घोड्याची आयाळ आणि शेपटीचे केस झडतात. मेंढ्यांच्या उरलेल्या पुडीवर घोडी सोडायची सवय अनेकांना असते.

पूड कशी करायची ते आता नीट सांगतो, कारण चांगला पाला वाळवण्यात बिघडतो.

तुम्ही दसऱ्याच्या सुमारास विचारलंत हे फार चांगलं झालं. परतीचा पाऊस ओसरला की झाडांवर पावसाळ्यात वाढलेला हिरवागार पाला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन पडायला लागतं. एप्रिलमध्ये जागे झालात तर झाडावर फक्त जून पाला आणि शेंगा उरतात. फुलोऱ्याच्या आधी, बोटाएवढ्या जाड फांद्या आकडीने उतरवा. सकाळचं दव उडाल्यावर तोडा. ताडपत्रीवर किंवा स्वच्छ खळ्यावर फांद्या पातळ पसरा, शक्यतो झाडाच्या विरळ सावलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये. भर उन्हात वाळवलं की पाला पिवळा पडतो आणि अ जीवनसत्त्व ज्यातून तयार होतं ते कॅरोटीन उडून जातं. उन्हाळ्यात ज्या मेंढीला महिनोन्महिने हिरवा घास मिळालेला नाही, तिला हेच कॅरोटीन हवं असतं. दिवसातून दोनदा फांद्या उलटवा. दोन-तीन दिवसांत सुबाभळीची पानं फांदी झटकली की आपोआप गळतात. शेवग्याची पानं हाताने ओरबाडावी लागतात, पण देठ काढून टाका, त्यात काही नसतं.

वाळला की नाही हे कसं ओळखायचं? मूठभर पाला घेऊन चुरगळा. कुरकुर आवाज येऊन चुरा झाला पाहिजे. मूठ उघडल्यावर पान परत पसरलं किंवा हाताला गारवा लागला तर अजून एक दिवस थांबा. अर्धवट वाळलेला पाला पोत्यात भरला की आतून तापतो आणि बुरशी धरतो. बुरशीचा खुराक आणि गाभण मेंढी यांची गाठ कधीही पडू देऊ नका. गावात ज्याला सुबाभळीने गाभडली म्हणतात, त्यातल्या काही वेळा दोष बुरशीचा असतो. पोत्यातून कुबट वास आला, हिरव्यावर पांढुरकी झाक दिसली, तर ते पोतं उकिरड्यावर टाका. निवडून द्यायचा मोह नको.

कुटायची गरज आहे का? सुबाभळीचं, शेवरीचं, शेवग्याचं पान मुळातच बारीक. नुसतं चाळून काडी वेगळी केली तरी पुरे. पिठासारखी बारीक पूड मेंढीच्या नाकात जाते, ती शिंकते, खोकते आणि गव्हाणीपासून बाजूला होते. भरड्याच्या यंत्रात करणारच असाल तर मोठ्या भोकांची जाळी लावा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. कोरड्या जागी प्रथिन बरंच टिकतं, रंग थोडा उतरतो.

किती लागेल? रोज मेंढीमागे २०० ग्रॅम धरलं तर २५ मेंढ्यांना ५ किलो, आणि विण्याआधीच्या ४५ दिवसांना सव्वादोनशे किलो, व्याल्यानंतरचं वेगळं. ताज्या चार किलो पानांतून साधारण एक किलो सुकी पूड निघते, म्हणजे ९०० किलो ओली पानं, तीही फांद्या सोडून. आकडा मोठा वाटतो, पण दसरा ते दिवाळीत थोडं थोडं करत गेलं तर होतं. तुमची झाडं तेवढी नसतील तर निम्मी पेंड आणि निम्मा पाला करा, त्यातही पेंडीचा निम्मा खर्च वाचतोच.

३० किलोच्या मेंढीचा शेवटच्या सहा आठवड्यांचा रोजचा खुराक मी असा बांधून देतो. ज्वारीचा कडबा कुट्टी करून ५०० ग्रॅम, तूर किंवा हरभऱ्याचा भुसा १५० ग्रॅम, मक्याचा भरडा २०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ५० ग्रॅम आणि पाल्याची पूड २०० ग्रॅम, त्यात १०० सुबाभूळ आणि १०० शेवगा किंवा शेवरी. वर १० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ. यातून १०० ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळतं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या पाल्यातून येतं. मेंढ्या चरायला जात असतील तर कडबा-भुसा तेवढ्याने कमी करा, भरडा आणि पूड कमी करू नका. माडग्याळसारख्या मोठ्या मेंढ्या असतील तर वजनाच्या हिशोबात सगळंच वाढवा. मका नसेल तर बाजरी चालते. वेड्या बाभळीच्या पिकलेल्या शेंगा गोड असतात, त्या कुटून थोड्या मिसळता येतात, पण सगळा दाणा त्यावर भागवू नका.

हा खुराक एका वेळी ओतायचा नाही. भरडा आणि पूड मिसळून सकाळ-संध्याकाळ अर्धी अर्धी, देताना वरून पाण्याचा हबका मारून, म्हणजे धूळ उडत नाही. पाण्यात थोडा गूळ विरघळवला तर पहिले काही दिवस मेंढ्या पटकन तोंड लावतात. भिजवलेलं उरलं तर ते संध्याकाळी पुन्हा घालू नका. गव्हाणीची लांबी पुरेशी ठेवा, दर मेंढीला हातभर तरी. नाहीतर दांडग्या मेंढ्या दुप्पट खातात आणि ज्यांना गरज आहे त्या मागे उभ्या राहतात. खुराक पुरेसा देऊनही कोकरं बारीक झाल्याची तक्रार येते तेव्हा मी आधी गव्हाण बघतो.

सुबाभळीची सवय आधीच लागलेली असली तरी रोजच्या पुडीची सुरुवात विण्याच्या दोन महिने आधी, म्हणजे मार्चच्या मध्याला करा. पहिले तीन-चार दिवस मेंढीमागे मूठभर, २५-३० ग्रॅम. मग दर चार दिवसांनी तेवढंच वाढवत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १५० ग्रॅमवर आणि पुढे २०० वर आणा. कोठीपोटातल्या जिवाणूंना नव्या खाण्याशी जमवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. खुराक एकदम वाढवला की आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यात जिवाणूंचं विष तयार होण्याच्या रोगाचा, धोकाही वाढतो, म्हणून त्याची लस विण्याच्या तीन-चार आठवडे आधी टोचून घ्या. आईच्या चिकातून कोकराला पहिल्या काही आठवड्यांचं संरक्षण मिळतं ते वेगळंच. मेंढा लागल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात मात्र खाण्यात कोणतेही मोठे बदल करू नका, आणि अल्बेंडाझोलसारखं जंताचं औषधही त्या काळात देऊ नका. मधल्या दोन महिन्यांत मेंढी फार उतरत नसेल तर रानातलं चरणं आणि थोडा भुसा पुरतो.

प्रमाण बरोबर चाललंय की नाही हे मेंढीकडे नुसतं बघून कळत नाही, कारण लोकर फसवते. दर पंधरा दिवसांनी पाच-सहा मेंढ्या धरून हात लावा. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर, अंगठा कण्यावर आणि चार बोटं बाजूच्या हाडांच्या टोकांखाली घाला. कण्याची हाडं करवतीच्या दात्यांसारखी टोचत असतील आणि बोटं सहज खाली शिरत असतील तर मेंढी उतरली आहे, तिला वेगळं काढून भरडा ५० ग्रॅमने वाढवा. थोडं दाबल्यावर हाड लागलं आणि ते गोलसर असलं की ठीक. हाड लागतच नसेल तर ती जास्त भरली आहे. पहिलारू मेंढी अशी भरली तर कोकरू अडायची भीती असते, तिचा दाणा जरा आवरा. याच वेळी पाठीवरची लोकर चिमटीने ओढून बघा. सहज निघाली तर सुबाभूळ त्याच दिवसापासून बंद, आणि तेवढंच प्रमाण शेवग्यावर किंवा पेंडीवर न्या. लाळ जास्त गळणं, खाणं सोडणं, हीसुद्धा मिमोसिनची खूण आहे.

खर्चाचं स्पष्ट बोलतो, कारण पाला फुकट आहे असं समजून लोक त्यात पडतात. समजा सरकी पेंड किलोला ४० रुपये आहे आणि तुम्ही ४०० रुपये रोजाचा माणूस पाला तोडायला लावला. त्याने दिवसभरात ४० किलो ओली पानं जमवली तर सुकी पूड १० किलो, म्हणजे तीही ४० रुपयेच पडली. मग फायदा कुठे? फायदा तिथे आहे जिथे घरची माणसं चरायला जाता-येता फांद्या उतरवतात, जिथे छाटणी दुसऱ्याला करायचीच असते आणि पाला उचलून न्यायचा असतो, जिथे फांदी वाळवून झटकल्यामुळे पान ओरबाडायचा वेळ वाचतो आणि उरलेली काडी चुलीला जाते. तुमच्या बांधाला झाडं आहेत, घरात चार हात आहेत, म्हणून तुम्हाला हे फायद्याचं पडेल असं मला वाटतं. ज्याला झाडापासून मजुरीपर्यंत सगळंच विकत घ्यावं लागतं, त्याला मी पेंडच घ्यायला सांगेन.

व्याल्यावर पूड लगेच थांबवू नका. दूध देताना गरज गाभणपणापेक्षाही वाढते, आणि विण्याच्या आसपास मेंढीची जंतांना तोंड देण्याची ताकद उतरते, तेव्हा प्रथिनाने तिला आधार मिळतो. आणखी सहा ते आठ आठवडे २०० ते २५० ग्रॅम चालू ठेवा, सुबाभळीची मर्यादा तीच ठेवून. पाऊस पडून हिरवं उगवलं की हळूहळू कमी करा. कोकरं दोन-तीन आठवड्यांची झाली की आईच्या गव्हाणीत तोंड घालायला लागतात. त्यांना सुबाभूळ मिळू नये म्हणून त्यांच्यासाठी वेगळा कोपरा करा, जिथे मोठी मेंढी शिरणार नाही, आणि तिथे शेवग्याच्या किंवा लसूण घासाच्या जुड्या कोकराच्या तोंडाच्या उंचीला बांधून ठेवा.